थायलंडमध्ये लग्न आणि ब्रिटिश पासपोर्ट: कागद कुठून, कसे आणि कोणत्या क्रमाने

आमच्या धाकट्या भावजींचं लग्न थायलंडमध्ये झालं. मुलगी तिथलीच, उदॉन थानीची. भावजी मूळचे नाशिकचे, पण बरीच वर्षं इंग्लंडात रेडिंगला, पासपोर्ट ब्रिटिश आणि आधीचा एक घटस्फोट. कागदांचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून केलं, तरी दोन ठिकाणी असे अडकलो की लग्नाची नोंदणी पाच आठवडे पुढे गेली, आणि तोवर सासूबाईंची मुंबईहून तिकिटं काढून झालेली होती. त्यांचा फोनवरचा आवाज अजून आठवतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय, म्हणजे इंग्लंडातल्या आपल्या कुणा मुलाला किंवा मुलीला हेच करायचं असेल तर त्यांच्या घरी तरी तो फोन जायला नको.

आधीच एक सांगते. फी, फॉर्म आणि अपॉइंटमेंटचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे पैसे भरायच्या आदल्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके साइटवरचं थायलंडमधल्या लग्नाचं पान एकदा वाचायचंच. पण कामाचा क्रम आणि त्यामागचं कारण सहसा बदलत नाही, आणि अडचण तिथेच येते.

शेवटच्या खिडकीपासून सुरुवात करा

थायलंडमध्ये कायदेशीर लग्न म्हणजे जिल्हा कचेरीतली नोंदणी. त्या कचेरीला बँकॉकबाहेर आंफो म्हणतात आणि बँकॉक शहरात खेत (हा शब्द आपल्या क्षेत्र आणि शेतचाच भाऊ). बौद्ध भिक्खूंचा आशीर्वाद, शंखातून वधूवरांच्या हातावर पाणी सोडायचा विधी, आपल्या पद्धतीचं मंगलाष्टक, हे सगळं करा, जरूर करा, शंख बघून तर सासूबाईंचे डोळे भरून आले होते. पण कायद्याच्या दृष्टीने यातल्या कशानेही लग्न होत नाही. आंफोतल्या रजिस्ट्रारने नोंदवहीत नोंद केली आणि दोघांनी सही केली की लग्न झालं.

म्हणजे शेवटी हो किंवा नाही म्हणणार तो आंफोतला रजिस्ट्रार. लंडन नाही, ब्रिटिश एम्बसी नाही, थाय परराष्ट्र मंत्रालयही नाही. आणि प्रत्येक आंफोची थोडी थोडी स्वतःची रीत असते. एका ठिकाणी घटस्फोटाचा कागद नुसता दाखवला तरी चालतो, दुसऱ्या ठिकाणी तोच कागद शिक्क्यांसकट थाय भाषेत हवा असतो. काही ठिकाणी नवऱ्यामुलाची नोकरी, पगार आणि ओळख देणाऱ्या दोन माणसांची नावं-पत्ते विचारतात. काही आंफोंना परदेशी माणसाच्या लग्नाची सवय असते, काहींकडे वर्षानुवर्षं असं लग्न आलेलंच नसतं, मग तिथला माणूस घाबरून एखादा कागद जास्तच मागतो आणि त्यात त्याची चूकही नसते.

आम्ही नेमकं उलटं केलं. इंग्लंडातून सुरुवात केली, बँकॉकचं काम उरकलं आणि अगदी शेवटी होणारी जाऊबाई आंफोत विचारायला गेली. तिथे कळलं की घटस्फोटाच्या कागदालाही शिक्क्यांची पूर्ण साखळी, म्हणजे एकामागून एक कचेऱ्यांचे शिक्के, लागणार. तो कागद माझ्याबरोबर परत इंग्लंडला आला आणि गेले ते पाच आठवडे.

तर पहिलं काम असं: थाय जोडीदाराने प्रत्यक्ष आंफोत जायचं, फोनवर नको, आणि तिथे विचारायचं की ब्रिटिश माणसाशी लग्न नोंदवायचं आहे, त्याचा आधी घटस्फोट झालाय किंवा नाही, तर कोणकोणते कागद, कोणत्या शिक्क्यांचे, किती जुने चालतील, दुभाषी कोण आणायचा आणि साक्षीदार किती. उत्तर कागदावर लिहून घ्यायचं, सांगणाऱ्याचं नावही लिहून ठेवायचं. लग्न मुलीच्या गावच्याच आंफोत केलं पाहिजे असंही नाही, दुसऱ्या कचेरीत करता येतं. बँकॉकमधलं बांग राक खेत यासाठी प्रसिद्ध आहे कारण थाय भाषेत राक म्हणजे प्रेम आणि १४ फेब्रुवारीला तिथे जोडप्यांची रीघ लागते. परदेशी लोकांची तिथे सवय आहे, तेव्हा गावचा आंफो फारच अडून बसला तर हा विचार करा, फक्त व्हॅलेंटाइनचा दिवस टाळा.

लीगलायझेशन म्हणजे काय भानगड आहे

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याकडे शिक्षणाचं सर्टिफिकेट परदेशासाठी घेताना आधी राज्य सरकारचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, असं करावं लागतं ना, तोच प्रकार. थाय अधिकाऱ्याला रेडिंगच्या सॉलिसिटरची, म्हणजे तिकडच्या वकिलाची, सही खरी की खोटी हे कसं कळणार? मग सॉलिसिटरच्या सहीची खात्री ब्रिटिश परराष्ट्र खातं देतं, ब्रिटिश खात्याच्या शिक्क्याची खात्री लंडनची थाय एम्बसी देते, आणि थाय एम्बसीचा शिक्का बँकॉकचं थाय परराष्ट्र मंत्रालय ओळखतं. प्रत्येक कडी फक्त आधीच्या कडीच्या सहीची हमी देते. कागदात लिहिलेलं खरं आहे की नाही याची हमी यातलं कुणीच देत नाही. म्हणूनच मधली एक कडी गाळून पुढे जाता येत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी.

तुम्ही म्हणाल अपॉस्टिल आहे की. अपॉस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग कराराप्रमाणे दिलेला एकच शिक्का, जो करारातल्या सगळ्या देशांत चालतो. ब्रिटन त्या करारात आहे, भारतही २००५ पासून आहे, त्यामुळे इंग्लंडचा कागद भारतात न्यायचा तर एका अपॉस्टिलवर काम भागतं आणि आपल्या लोकांना तीच सवय असते. थायलंडसाठी मात्र ही वरची जुनी, लांब साखळी आहे. अपॉस्टिल त्यातली फक्त एक कडी.

मुख्य कागद: अफर्मेशन

ब्रिटनमध्ये विवाह नोंदणी कचेरीतून एक दाखला मिळतो, लग्नाला हरकत नसल्याचा, युरोपातल्या बऱ्याच देशांत तोच लागतो. थायलंडसाठी तो घ्यायला धावू नका. थायलंडला लागतं ते अफर्मेशन, म्हणजे तुम्ही स्वतः लिहून देता की मी अमुक, माझा पासपोर्ट नंबर अमुक, पत्ता अमुक, मी अविवाहित किंवा घटस्फोटित किंवा विधुर आहे आणि तमुक व्यक्तीशी लग्न करायला मोकळा आहे. अफिडेविट म्हणजे देवाला स्मरून शपथ, अफर्मेशन म्हणजे तीच गोष्ट प्रतिज्ञेवर, कायद्यात दोन्हीला वजन सारखंच.

हा कागद दोन रस्त्यांनी होऊ शकतो. पहिला रस्ता बँकॉकच्या ब्रिटिश एम्बसीकडून. दुसरा रस्ता इंग्लंडातच सॉलिसिटर किंवा नोटरी पब्लिकसमोर सही करायची आणि मग ती लांब साखळी पूर्ण करायची.

पहिला रस्ता लहान आहे, कारण बँकॉकच्या ब्रिटिश एम्बसीची सही थाय परराष्ट्र मंत्रालयाकडे आधीच नोंदलेली असते, मधल्या दोन कड्या वाचतात. नवरामुलगा थायलंडमध्ये दोन-तीन आठवडे राहू शकत असेल तर माझं मत सरळ याच रस्त्याच्या बाजूने आहे. रजा कमी असेल, म्हणजे आठवडाभरासाठीच जायचं असेल, तर दुसरा रस्ता घ्या आणि इंग्लंडातून सगळं तयार करून न्या. पण त्याआधी आंफोला विचारा की इंग्लंडात सही केलेलं अफर्मेशन चालेल का, कारण काही ठिकाणी बँकॉकच्या एम्बसीचाच कागद बघायची सवय झालेली असते.

आणि घटस्फोट झालेला असेल तर पहिला रस्ता घेऊनही दुसऱ्या रस्त्याशी काम पडू शकतं, आमचं पडलं तसं. म्हणून दोन्ही सांगते.

इंग्लंडातलं काम

सॉलिसिटरकडे जाताना अफर्मेशन टाइप करून न्या पण सही करून नेऊ नका. सही त्यांच्यासमोरच करायची. पासपोर्टची खरी प्रत, म्हणजे सर्टिफाइड कॉपी, तिथेच करून घ्या, एकाच फेरीत होतं. आता नीट बघायचं ते हे: सॉलिसिटरने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सहीने सही केलीय ना, नुसता फर्मचा शिक्का नाही ना, तारीख आहे ना, आणि माझ्यासमोर सही केली किंवा ही मूळ कागदाची खरी प्रत आहे असं वाक्य आहे ना. ब्रिटिश लीगलायझेशन ऑफिस त्या माणसाची सही आपल्याकडच्या नोंदीशी ताडून बघतं आणि जुळली नाही तर कागद शिक्क्याशिवाय परत येतो. नोटरी पब्लिक सॉलिसिटरपेक्षा महाग पडतो पण परदेशी कागदांचं काम तो रोज करतो, त्याला काही समजवावं लागत नाही. बजेट असेल तर नोटरीकडेच जा.

मग अपॉस्टिल. हे ब्रिटिश परराष्ट्र खात्याचं लीगलायझेशन ऑफिस देतं, मिल्टन कीन्सजवळ हॅन्सलोप पार्कला. आपण तिथे जाऊन उभं राहायचं नसतं, ऑनलाइन अर्ज, ऑनलाइन पैसे आणि कागद पोस्टाने. कागदी अपॉस्टिलला दर कागदामागे ४५ पौंड आणि वर परत पाठवायचा खर्च. ३५ पौंडांचं ई-अपॉस्टिलही आहे, ते फक्त पीडीएफ असतं. दहा पौंड वाचवायला ते घेऊ नका, कारण पुढे थाय एम्बसीला शिक्का मारायला हातात कागद लागतो. पाठवताना ट्रॅकिंग असलेल्या पोस्टानेच पाठवा, कोर्टाचा मूळ कागद हरवला तर नवा मिळवण्यात आणखी दिवस जातात.

अपॉस्टिल कागदाच्या मागे चिकटवलेलं येतं, उठावाच्या शिक्क्यासकट. नोटरीने कागद स्टेपल केले असतील तर ती पिन कधीच काढायची नाही, स्कॅन करायला नाही, झेरॉक्सला नाही. पिनांची भोकं दिसली की पुढचा अधिकारी आतलं पान बदलल्याचा संशय घेऊ शकतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

त्यानंतर लंडनची रॉयल थाय एम्बसी. ती साउथ केन्सिंग्टनला क्वीन्स गेट रस्त्यावर आहे, नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शेजारचाच रस्ता. लीगलायझेशन तिथल्या कॉन्सुलर विभागात होतं, फॉर्म, पासपोर्टची कॉपी आणि अपॉस्टिल झालेला कागद लागतो. तिथे थाय सुट्ट्याही असतात आणि ब्रिटिश बँक हॉलिडेही, त्यामुळे कॅलेंडर बघून जा. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रान म्हणजे थाय नववर्ष, १३ ते १५ एप्रिल, त्या आठवड्यात लंडन काय आणि बँकॉक काय, कुठल्याच थाय कचेरीच्या भरवशावर राहू नका.

सगळं मिळून इंग्लंडच्या बाजूला एक महिना धरा. कमी लागला तर आनंदच आहे.

घटस्फोटाचा कागद

याबद्दल जरा जास्त लिहिते कारण आमचं इथेच अडलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोटाच्या शेवटच्या कागदाला पूर्वी डिक्री अॅब्सोल्यूट म्हणायचे. ६ एप्रिल २०२२ पासून नवा कायदा आला आणि त्याप्रमाणे दाखल झालेल्या केसमध्ये त्याला फायनल ऑर्डर म्हणतात. त्याआधीच्या पायरीचा कागद, जुना डिक्री नायसाय किंवा नवा कंडिशनल ऑर्डर, तो चालत नाही कारण त्याने घटस्फोट पूर्ण झालेला नसतो. घरात फाइल उघडल्यावर दोन्ही कागद सारखेच दिसतात, भावजींनीही मला आधी चुकीचाच पाठवला होता, तेव्हा नाव वाचून घ्या.

दुसरं, कोर्टाच्या शिक्क्याची प्रत हवी. घरच्या प्रिंटरवर काढलेली पीडीएफ अपॉस्टिलला चालणार नाही. ज्या कोर्टात केस झाली तिथून फी भरून शिक्क्याची प्रत मागवता येते, केस नंबर हाताशी असेल तर लवकर मिळते. मी आता सगळ्यांना सांगते की दोन प्रती मागवा. एक साखळीतून फिरत असताना दुसरी ब्रिटिश एम्बसीला दाखवायला हातात राहते.

घटस्फोट भारतात झाला असेल तर वेगळी गोष्ट. तो भारतीय कोर्टाचा कागद, त्यावर ब्रिटिश अपॉस्टिल होत नाही, त्याची साखळी भारतातूनच करावी लागते. त्यासाठी तिकडे कुणीतरी धावपळ करणारं माणूस लागतं, आधीपासून सांगून ठेवा. आधीचा जोडीदार वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि त्या लग्नाचा दाखला, दोन्ही. ते ब्रिटिश नोंदणी खात्याचे असतील तर मूळ प्रमाणित प्रत पाठवायची आणि त्यांना ई-अपॉस्टिल मिळतच नाही, कागदीच.

वधू घटस्फोटित किंवा विधवा असेल तर थाय कायद्यात एक अट आहे, आधीचं लग्न संपल्यापासून ३१० दिवस झाल्याशिवाय तिला दुसऱ्या पुरुषाशी लग्न नोंदवता येत नाही. त्या दरम्यान मूल झालं असेल, ती गरोदर नसल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल, कोर्टाचा आदेश असेल किंवा पहिल्याच नवऱ्याशी परत लग्न करत असेल तर सूट मिळते. बरेच जण ते मेडिकल सर्टिफिकेट घेऊन काम करतात. तारीख ठरवायच्या आधी हे दिवस बोटावर मोजा.

आपल्या नावांचा घोळ

हे इंग्रज जोडप्यांना सहसा सोसावं लागत नाही, आपल्याला हमखास. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अशी आपली पद्धत. जन्मदाखल्यावर तिन्ही, ब्रिटिश पासपोर्टवर कधी तिन्ही कधी दोनच, नोकरीच्या कागदावर दोन, घटस्फोटाच्या कागदावर सॉलिसिटरने लिहिलं तसं. त्यात स्पेलिंग, कुठे शेवटी ए आहे कुठे नाही, कुठे डब्ल्यू कुठे व्ही. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जे अक्षर न अक्षर आहे तेच अफर्मेशनवर. दुसऱ्या कागदावर वेगळं असेल तर सॉलिसिटरसमोर आणखी एक छोटं प्रतिज्ञापत्र करा की ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, आणि तेही त्याच साखळीतून न्या. महाग पडतं पण आंफोच्या खिडकीवर समजावत बसण्यापेक्षा स्वस्त.

त्याहून मोठा घोळ थाय लिपीत. थाय वर्णमाला आपल्यासारखीच क ख ग घ ङ क्रमाने जाते, बघून फार आपलेपणा वाटतो, पण ग च्या जागी जे अक्षर आहे त्याचा उच्चार आता ते ख करतात, शेवटचा श ते त सारखा म्हणतात. गणपतीला तिथे फ्रा फिक्खनेत म्हणतात, म्हणजे आपला विघ्नेशच. आता विचार करा, गणेश, योगेश, जगदीश अशी नावं थाय भाषांतरकार इंग्रजी स्पेलिंगवरून किती प्रकारे लिहू शकतो. भावजींच्या नावात ग पण आहे आणि शेवटी श पण. पासपोर्टचं भाषांतर एकाने केलं, अफर्मेशनचं त्याच ऑफिसातल्या दुसऱ्याने, आणि दोन कागदांवर थाय लिपीत दोन वेगळी नावं झाली. मंत्रालयाने कागद परत केला. ही आमची दुसरी अडचण.

म्हणून पहिल्या भाषांतराआधीच थाय जोडीदाराबरोबर बसून नावाचं थाय स्पेलिंग ठरवा, वडिलांच्या नावासकट, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, त्याचा फोटो काढा आणि प्रत्येक भाषांतराबरोबर तोच द्या. पुढे आयुष्यभर तिथे तेच स्पेलिंग चालणार आहे, बँकेत, मुलांच्या जन्मदाखल्यावर, सगळीकडे. भाषांतर हातात आलं की होणाऱ्या सुनेने किंवा जावयाने शब्द न शब्द वाचायचा, आकडे तर बोट ठेवून.

बँकॉकमधलं काम

ब्रिटिश एम्बसी पूर्वी वायरलेस रोडवरच्या मोठ्या जुन्या बागेत होती, ती जागा विकली गेली आणि २०१९ मध्ये एम्बसी साथॉन रस्त्यावर एआयए साथॉन टॉवरमध्ये गेली. नेटवर अजून जुने लेख सापडतात आणि टॅक्सीवाला जुन्या पत्त्यावर नेतो, तेव्हा नवा पत्ता थाय लिपीत फोनमध्ये ठेवा. अर्ज कसा करायचा, अपॉइंटमेंट की पोस्ट, हे एम्बसीच्या पानावर त्या वेळी जे लिहिलं असेल तेच पाळा. अफर्मेशनबरोबर पासपोर्टची एम्बसीने प्रमाणित केलेली प्रतही मागून घ्या, पुढे तिचंही भाषांतर आणि शिक्का लागतो. घटस्फोटाचा मूळ कागद बरोबर ठेवा.

मग भाषांतर इंग्रजीतून थायमध्ये, आणि मूळ कागद अधिक भाषांतर घेऊन थाय परराष्ट्र मंत्रालयाचा कॉन्सुलर विभाग. तो शहराच्या उत्तरेला लाक सी भागात चेंग वत्थना रस्त्यावर आहे, लांब आहे. पूर्वी मो चित स्टेशनवरून टॅक्सी करावी लागायची, आता पिंक लाइन मोनोरेल त्याच रस्त्यावरून जाते. अपॉइंटमेंट ऑनलाइन आधी घ्या. फी दर कागदाला साधी २०० बाट आणि तातडीची ४०० बाट. चियांग माई, फुकेत, सोंगखला आणि उबोन रात्चथानीलाही मंत्रालयाच्या शाखा आहेत, गाव तिकडचं असेल तर बँकॉकची फेरी वाचू शकते.

इथले अधिकारी भाषांतर खरोखर वाचतात. चूक सापडली की खूण करून परत देतात, आपण दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. त्यामुळे तातडीची फी भरली म्हणजे आजच होईल असं धरू नका आणि त्याच रात्रीच्या बसचं तिकीट तर मुळीच काढू नका. भाषांतर करणारं ऑफिस जवळपासचंच निवडा, म्हणजे दुरुस्ती तासाभरात होते. बाहेर सगळं आम्ही करून देतो म्हणणारे लोक भेटतात, त्यातले काही चांगलं काम करतातही, पण मूळ पासपोर्ट कुणाच्या हातात देऊन निघून जाऊ नका.

आंफोचा दिवस

ब्रिटिश बाजूचे कागद: मूळ पासपोर्ट, अफर्मेशन आणि त्याचं शिक्क्याचं थाय भाषांतर, पासपोर्टचं भाषांतर, घटस्फोटाचा कागद भाषांतरासह. थाय बाजूला ओळखपत्र आणि थाबियन बान, म्हणजे घराच्या नोंदीचं निळं पुस्तक, आपल्या रेशनकार्डाची आठवण येते बघून. तिचा आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचा थाय दाखला. दोन साक्षीदार घेऊन जा, आणि दुभाषी आंफोला मान्य असलेला.

कागद बरोबर असतील तर काम तासा-दोन तासांचं आहे. नोंदवहीच्या कागदाला खो रो २ म्हणतात आणि हातात मिळणाऱ्या दाखल्याला खो रो ३, इंग्रजी बोलणारे लोक त्याला कोर रोर म्हणतात. दोघांना एक एक दाखला मिळतो. त्यावरची तारीख बौद्ध सनात असते, आपल्या सनात ५४३ मिळवायचे, २०२५ म्हणजे २५६८. नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून तपासा.

दोन गोष्टी त्याच दिवशी ठरलेल्या हव्यात. एक, लग्नाआधीचा मालमत्तेचा करार करायचा असेल तर थाय कायद्यात तो लग्न नोंदवतानाच नोंदवावा लागतो, मागाहून केला तर रद्दबातल. ज्यांची आधीच्या लग्नातली मुलं आहेत त्यांनी लाजू नये, वकिलाकडून आधी करून घ्यावा. दुसरी, आडनाव. थाय बायकोला आपलं आडनाव ठेवता येतं आणि आमच्या जाऊबाईने ठेवलं. सासूबाईंना थोडं लागलं पण तिने बदललं असतं तर ओळखपत्र, थाबियन बान, पासपोर्ट सगळं बदलून मग ब्रिटिश व्हिसाचा अर्ज करावा लागला असता.

हेही लिहून ठेवते की २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांनाही हेच लग्न, हीच कचेरी, हेच कागद. त्याच कायद्याने लग्नाचं किमान वय १८ झालं. दोघंही परदेशी असतील तरी नोंदणी होते, फक्त ज्याचा जो देश त्याची ती एम्बसी. म्हणजे मुलगा ब्रिटिश आणि मुलगी भारतीय पासपोर्टवाली असेल तर तिचा कागद बँकॉकच्या भारतीय एम्बसीतून, ब्रिटिश एम्बसी तिच्यासाठी काही करू शकत नाही. फुकेत किंवा हुआ हिनला फक्त सोहळा करायचा आणि नोंदणी भारतात किंवा इंग्लंडात करायची असेल तर यातलं काहीच लागत नाही, आणि खरं सांगायचं तर दोघंही परदेशी असतील तर मी तेच सुचवेन.

परत आल्यावर

थायलंडमध्ये रीतसर झालेलं लग्न ब्रिटनमध्ये मान्य असतं, इथे पुन्हा नोंदवायचं नसतं. बायकोच्या व्हिसासाठी खो रो ३ चं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. ११ एप्रिल २०२४ पासून पहिल्यांदा स्पॉन्सर करणाऱ्यासाठी उत्पन्नाची अट वर्षाला २९,००० पौंड आहे, आणि थायलंडमधून अर्ज करणाऱ्याला टीबीची तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा लागते, तेव्हा लग्नाच्या कागदांबरोबरच पगाराच्या स्लिपा जमवायला सुरुवात करा.

आणि आपल्या घरांसाठी एक खास गोष्ट. भावजींकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) आहे, तसं असेल तर परदेशी बायकोलाही ओसीआय मिळू शकतं, पण लग्न नोंदलेलं असून त्याला सलग दोन वर्षं व्हायला हवीत. त्या अर्जात थाय लग्नाचा दाखला दाखवावा लागतो आणि तोही साखळीतून गेलेला, म्हणजे इंग्रजी भाषांतर, त्यावर चेंग वत्थनाचा शिक्का आणि मग बँकॉकच्या भारतीय एम्बसीचा. दोन वर्षांनी एवढ्यासाठी बँकॉकला जाण्यापेक्षा लग्नाच्या त्याच फेरीत दोन दिवस जास्त राहून हे करून ठेवा. आम्ही केलं, तो कागद आता आमच्या कपाटात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, पिन न काढता.